अर्धे वाक्य पलीकडे

माझी आई बाजाराला निघाली की बोलत बोलतच निघे, आणि कालव्याच्या फाट्यावरच्या ओंडक्यापाशी आली की वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प होई. "मावशीचा सांगावा आलाय, थोरलीला बघायला..." एवढे अलीकडच्या काठावर बोलून ती थांबे. मग डोक्यावरची वांग्यांची पाटी, पाटीखालची चुंबळ, काखेतली मेथीची जुडी आणि छातीतला श्वास हे सारे सावरून बाभळीच्या त्या ओल्या खोडावरून ती अकरा पावले टाकी. पलीकडच्या मातीला टाच टेकली की वाक्याचा उरलेला भाग तिच्या तोंडून बाहेर येई, "...बावड्याची माणसं येणार हायती." मधे काही घडलेच नाही, अशा सहज सुरात. मी तिच्या मागून दप्तर घेऊन चालत असे, आणि कित्येक वर्षे माझी समजूत अशी होती की सगळ्यांच्या आया अशाच बोलतात.

आमची वस्ती आठ घरांची. बारामतीकडून इंदापूरच्या अंगाला जाणाऱ्या कालव्याच्या एका फाट्याच्या काठावर ती वसलेली होती. घरे आणि शेते फाट्याच्या एका बाजूला, सडक, एस.टी., बाजार, शाळा, पिठाची चक्की आणि सुईण दुसऱ्या बाजूला. ज्यांनी कागदावर ती रेघ ओढली त्यांनी पाण्याला उतार कुठे मिळतो ते काळजीपूर्वक पाहिले होते. माणसे कुठे राहतात आणि त्यांना रोज कुठे जावे लागते, हे पाहण्याची तसदी त्यांनी घेतलेली दिसत नाही. ही तक्रार मी पुढे योग्य त्या ठिकाणी लेखी नोंदवलेली आहे आणि तिची पोच माझ्याजवळ आहे.

फाट्याला पाणी सुटले की घरात त्याचा आवाज भरून राही. आई पहाटे भाकरी थापताना मधेच हात थांबवून कान देई. आवाज बारीक असला तर पुन्हा थापायला लागे. जड असला तर "आज काठोकाठ चाललाय" एवढेच म्हणे आणि तव्यावरची भाकरी उलटायला तिला क्षणभर उशीर होई. त्या भाकरीला एका अंगाने काळा डाग पडत असे. ती भाकरी ती स्वतःकडे ठेवी. आमच्या घरी एक कायदा होता: गोमटी वांगी बाजाराची, वाकडी आणि किडकी घरची. ती किडकी वांगी चुलीच्या निखाऱ्यात भाजून, कच्चे तेल, लसणाची पात आणि शेंगदाण्याचा कूट घालून आई जे भरीत करी, त्याच्या बदल्यात मला कुणी बाजारातली गोमटी वांगी पोतेभर दिली असती तरी मी ती परत पाठवली असती.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबांना अक्षर येत नव्हते; म्हणूनच अक्षराबद्दल त्यांचे नियम कडक होते. मी पाचवीत गेल्यापासून वस्तीचे सगळे कागद माझ्याकडे येऊ लागले. लेकीला सासरी पत्र, पुण्याला हमालीला गेलेल्या भावाला पत्र, तलाठ्याला अर्ज. आबांचे दोनच नियम होते. "पाण्याला माणसं एकमेकाला न्हाय म्हणत्यात," ते म्हणत, "आपुन कागदाला तरी न्हाय म्हणायचं न्हाय. आन एकाच्या कागदातलं दुसऱ्याच्या कानात जाता कामा न्हाय. आईच्या सुद्धा न्हाय." कागदाच्या बदल्यात कुणी मूठभर शेंगा देई, कुणी दुधी भोपळा. पुढे वकिलीची सनद घेतली तेव्हा अशिलाच्या गुपिताबद्दल मला जे शिकवण्यात आले, ते मी आबांकडून भोपळ्यांच्या मोबदल्यात आधीच शिकलेलो होतो. फक्त एक कलम आबांना माहीत नव्हते, आणि त्या एका कलमानेच हे प्रकरण घडवले.

बारामतीच्या शाळेत आम्हाला लेले सर इंग्रजी शिकवत. कोट एकच, पण त्याची तिन्ही बटणे सदैव लावलेली. मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात त्यांनी आम्हाला अवघडपणाच्या पायऱ्या शिकवल्या. फळ्यावर त्यांनी खरोखरच जिना काढला. तळाच्या पायरीवर 'डिफिकल्ट', तिच्यावर 'मोअर डिफिकल्ट दॅन', तिच्यावर 'मच मोअर', आणि सर्वांत वर, टाचा उंचावून, 'फार मोअर डिफिकल्ट दॅन'. "आपण 'लई अवघड आहे' म्हणतो आणि मोकळे होतो," ते म्हणाले. "लिहिताना असं मोकळं होता येत नाही. वाचणारा विचारतो, कशापेक्षा? त्याला उत्तर दिल्याशिवाय पूर्णविराम द्यायचा नाही."

मला तो जिना इतका आवडला की आठवडाभर मी दिसेल ते एकमेकांशेजारी ठेवून तोलत होतो. दळण कांडणापेक्षा अवघड. भूगोल भूमितीपेक्षा अवघड. नांगर धरणे मोट हाकण्यापेक्षा फार म्हणजे फारच अवघड. या शेवटच्या वाक्यावर लेले सर थांबले.

"नांगर धरलायस?"

"व्हय सर."

"मोट हाकलीयस?"

"न्हाय सर. आमच्याकडं पाटाचं पाणी हाय."

वर्ग हसला. सरांनी माझ्या वाक्यावर तांबडी काट मारली. "वाक्य शुद्ध आहे. साक्ष खोटी आहे," ते म्हणाले. "दोन ओझी तोलणाऱ्याने दोन्ही उचललेली असली पाहिजेत. नाहीतर तराजूला हात लावू नये." मी त्या वेळी मनात म्हटले, शुद्ध वाक्य कापणारा हा कसला मास्तर. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. ती इथे मागतो.

त्याच हिवाळ्यात गणपत पाटकरी बातमी घेऊन आला. पाटकरी म्हणजे फाट्यावर फिरून पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा कालव्याच्या कचेरीचा माणूस. आमच्या लेखी सरकारचा तोच एक चेहरा. नवे साहेब आले आहेत, धारवाडकडचे आहेत, इंदापूरच्या बाजूच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम आहे आणि या फाट्यावर पायी माणसांसाठी एक पूल मंजूर होणार आहे, असे तो म्हणाला. "येकच. ज्येंची अडचन जास्त त्येंला. आठ दिसात अर्ज द्या. आन इंग्रजीत द्या. मराठी कागद सायेब कारकुनाकडं टाकतो, इंग्रजी सोता वाचतो."

येकच. या एका शब्दावर माझा आजही संताप होतो. फाट्यावर वस्त्या दोन होत्या. आमची वरची, आणि अर्धा कोस पुढे इंदापूरच्या अंगाला खालची. दोन्ही वस्त्यांची वाट त्या फाट्याने कापली होती. दोघींनाही पूल देणे हे ज्याने कापले त्याचे कर्तव्य होते. ते सोडून 'तुमच्यात जास्त दुःखी कोण ते सिद्ध करा' असे दोन वस्त्यांना सांगणे हा न्याय नव्हे, ही झुंज लावणे आहे. गेल्याच महिन्यात एका कचेरीच्या संगणकावरील अर्जात मला 'अडचणीचे स्वरूप' या मथळ्याखाली साधारण, तीव्र, अतितीव्र असे तीन चौकोन दिसले. मी तिन्ही रिकामे ठेवले आणि रजिस्टर पोस्टाने चार पानी पत्र पाठवले. उत्तर आलेले नाही.

पण त्या वेळी मला संताप आला नव्हता. मला हर्ष झाला होता. माझ्याकडे जिना होता आणि तो लावायला भिंत मिळाली होती.

वरच्या वस्तीचा अर्ज मी दोन संध्याकाळी खपून लिहिला. त्यात ओंडका होता, त्याच्यावरचे शेवाळ होते, आणि मागच्या पावसाळ्यात आईचा पाय घसरून पाटी पाण्यात गेली ती हकीकत होती. त्या दिवशी आईने बाभळीचा खुंट धरला म्हणून ती राहिली, वांगी मात्र रांगेने इंदापूरकडे तरंगत गेली, आणि ती काठावर ओलीचिंब बसून हसत म्हणाली होती, "जाऊ द्या, खालच्या वस्तीला भरीत हुईल." हसताना तिचे दात वाजत होते. मी लिहिले की आमचे ओलांडणे या फाट्यावरील इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा अधिक अवघड आहे. हे वाक्य लिहिताना डोळ्यांसमोर तिचे वाजणारे दात होते. आठ घरांचे अंगठे आणि एक सही, असा तो कागद गणपत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीचे रामजीतात्या आले. पटक्याखाली पांढरे कल्ले, हातात दोडके. आबा उसाला पाणी द्यायला गेले होते, आई परड्यात होती. मी एकटाच ओट्यावर होतो.

"शंकरराव," तात्या म्हणाले. मला राव म्हणणारा तो पहिला माणूस. "आमचा बी कागद लिवा की. पुलाचा. आमच्यात कुनाला इंग्रजी येतंय? आमच्यात मराठीच लंगडत हाय."

वरच्या वस्तीचा अर्ज कालच गेला, हे मला त्यांना सांगता येत नव्हते. एकाच्या कागदातले दुसऱ्याच्या कानात जाता कामा नये. आणि लिहीत नाही असेही म्हणता येत नव्हते. आबांचे दोन्ही नियम माझ्या दोन्ही दंडांना धरून उभे होते. आबांना माहीत नसलेले कलम ते हे: एकाच वादात दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेऊ नये. आज मला ते झोपेत विचारले तरी सांगता येईल. त्या दिवशी मी दौत उघडली.

"काय अडचन हाय तात्या? कसं वलांडता?"

तात्यांनी नजर दोडक्यांकडे वळवली. "कसं म्हंजी? लई अवघड हाय. तुमच्या लाकडावानीच समज. पर लई वंगाळ. तूच घाल काय घालायचं ते. जरा चढवून लिव."

मी चढवून लिहिले. खालच्या वस्तीचे ओलांडण्याचे ठिकाण मी कधी पाहिलेले नव्हते. मी तिथे एक ओंडका आडवा टाकला, आमच्यापेक्षा अरुंद, आमच्यापेक्षा निसरडा, आणि फाट्याच्या पाण्यापासून आमच्यापेक्षा उंच. मग जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढून लिहिले की यांचे ओलांडणे वरच्या वस्तीतील ओलांडण्यापेक्षा फार म्हणजे फारच अवघड आहे. खरे सांगायचे तर माझा दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा सरस उतरला होता. पहिल्यात आईचे भय होते. दुसऱ्यात नुसती भाषा होती, आणि नुसत्या भाषेला पाय घसरण्याची भीती नसते. तात्यांनी अंगठा उठवला, कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "ब्येस दिसतंय. मुंग्यांची रांगच जनू." दोडक्यांची भाजी आईने त्याच संध्याकाळी केली. माझ्या घशाखाली ती उतरेना. आई म्हणाली, "कडू लागलं व्हय?" मी हो म्हणालो. तिने चाखून पाहिली.

साहेब आठवड्याने आले. फाट्याच्या आमच्या अंगाच्या बांधावरून जीप आली, तिच्यातून टोपी घातलेला, सावळा, मृदू आवाजाचा माणूस उतरला. मराठी बोलताना शब्द मोजून वापरी. आमच्या ओंडक्यापाशी त्याने एक पाय टाकला, खाली वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिले आणि पाय परत घेतला. सगळी वस्ती बघत होती. कुणी हसले नाही. "इथून बायका रोज जातात? डोक्यावर घेऊन?" त्याने विचारले. आईकडे बोट झाले. आई पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघायच्या तयारीतच होती. ती म्हणाली, "जायाचंच असतंय त्येला काय," आणि पदर तोंडाशी नेला. साहेबांनी टेप लावून मोजमाप घेतले, लिहून घेतले आणि खालच्या वस्तीकडे निघाले. आमची अर्धी वस्ती मागून गेली. आईही गेली, पाटी डोक्यावरच ठेवून. पूल मिळणार की नाही हे पाहिल्याशिवाय तिला बाजार सुचणार नव्हता.

खालच्या वस्तीपाशी फाटा जुन्या ओढ्याच्या खळग्यातून जातो. तिथे काठ ढासळून तो आमच्या दुप्पट रुंद झाला होता. कोणतीही बाभळ पोहोचणार नाही, इतका. मी काठावर उभा राहून पाहिले. तिथे ओंडका नव्हता. असणे शक्यच नव्हते. फक्त दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला एक दोर पाण्यावर लोंबत होता.

साहेबांनी खिशातून कागद काढला. तो मी लिहिलेला होता. त्यांनी त्यातली दोन वाक्ये मराठीत फोडून मोठ्याने सांगितली. अरुंद ओंडका. निसरडा ओंडका. मग तात्यांना विचारले, "ओंडका कुठे आहे?"

तात्यांनी पाण्याकडे पाहिले, जणू तो वाहत येईल.

"नाही. मग तुम्ही पलीकडे जाता कसे? उडत?"

खालची वस्ती मातीकडे बघत होती. तात्यांची नजर क्षणभर माझ्यावर आली आणि निघून गेली. "कागद आमचा हाय, सायेब," ते म्हणाले. "अंगठा माझा हाय." बस्स. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मी त्यांच्या कागदाचे तोंड बंद ठेवले होते, त्यांनी माझे ठेवले.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "खोट्या अर्जावर पूल देता येत नाही. वरच्या वस्तीचा अर्ज मी स्वतः तपासला. तो खरा आहे." एवढे म्हणून ते जीपकडे वळले. म्हणजे पूल आमचा झाला होता. मी आईकडे पाहिले. तिचे खांदे इतकी वर्षे किती वर चढलेले होते हे मला ते खाली आले तेव्हा कळले. मी गप्प राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही; पण मी गप्प राहिलो ही गोष्ट मी इथे, कुणी न विचारता, नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एका बाईचा आवाज आला. तात्यांची सून होती ती. काखेत तान्हे मूल, हातात पिठाचे गाठोडे. बांधावरची गर्दी तिला दिसत होती, साहेब दिसत नव्हता. "आवो मामंजी! काहील धाडा की! पोरगं रडून आकांत करतंय!"

खालच्या वस्तीचा जीव गेला. तात्यांनी तिला हातानेच गप्प राहण्याची खूण केली. तिला ती दिसली नसावी. "दोर धरून उबी हाय न्हवं कवाची! काहील कुठं पुरली का काय?"

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारले.

"काय न्हाय सायेब," गणपत पाटकरी घाईने म्हणाला. "बायका वरडत्यात उगंच."

काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई, दोन पुरुष आडवे झोपतील एवढी. गुऱ्हाळातून बाद झालेली एक जुनी काहील खालची वस्ती पाण्यात सोडून, दोराला धरून ये-जा करत होती. सरकारी पाण्यात काहील घातली तर दंड होईल, असे गणपतनेच त्यांना कधीतरी दरडावले होते. म्हणून साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी ती पाचटाखाली झाकली होती, आणि म्हणूनच माझ्या ओट्यावर बसून तात्या दोडक्यांकडे बघत होते. कायद्याच्या भीतीने माणूस स्वतःच्या वकिलापासून स्वतःची खरी बाजू लपवतो, हे पुढे चाळीस वर्षे मी रोज पाहिले. पहिल्यांदा पाहिले ते त्या काठावर.

आई माझ्या शेजारी येऊन उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या कागदात लाकूड कुनी घातलं?"

तिने वाट पाहिली.

"मी," मी म्हणालो.

"मग तूच काढ."

मी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाशी इंग्रजीतून बोललो. ती वाक्ये शुद्ध नव्हती. हे दोन्ही अर्ज माझे आहेत, ओंडका मी घातला, या लोकांना तो माहीत नाही, मी हे ठिकाण आज प्रथम पाहतो आहे, असे मी सांगितले. साहेबांनी दुसऱ्या खिशातून आमचा अर्ज काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "अक्षर एकच आहे, ते मला बंगल्यातच दिसलं," ते म्हणाले. "एकच हात लिहितो, वरचं खालच्यापेक्षा अवघड, आणि तोच हात लिहितो, खालचं वरच्यापेक्षा अवघड. म्हणून तर मी स्वतः आलो. आता सांग. कोणतं अवघड?"

मला लेले सरांची तांबडी काट दिसली. "मला बसून बघू द्या," मी म्हणालो.

पाचट बाजूला झाले. काहील पाण्यात सरकवली, दोन गड्यांनी दोर ओढून पलीकडे नेली आणि सून तिच्यात बसून आली. एका हाताने मूल छातीशी धरलेले, दुसऱ्या हाताने ती तांब्याने आतले पाणी बाहेर टाकत होती, कारण काहिलीच्या बुडाला चिंधी आणि डांबर लावून बुजवलेले भोक होते. काहील स्वतःभोवती गरगरत होती. साहेबांनी टोपी काढली होती.

मी काहिलीत पाय टाकणार, तेवढ्यात आईने मला मागे ओढले. पाटी खाली ठेवली. "तू लाकडावनं पळत जातोस. तुला काय ठावं," ती म्हणाली. "लाकूड माझ्या पायाला ठावं हाय. मी बसते."

"आक्का, नगा," तात्यांची सून म्हणाली. "तुमास्नी सवय न्हाय."

"म्हणूनच," आई म्हणाली, आणि बसली. मी तिच्यामागे बसलो. "हलायचं न्हाय," काठावरून कुणीतरी ओरडले. पाणी घोट्याला लागले. मधोमध गेल्यावर काहील फिरू लागली. ज्या काठावरून निघालो तो समोर आला आणि ज्या काठाला जायचे तो पाठीमागे गेला. आईने दोर धरला होता आणि तिच्या हातातल्या बांगड्या एका लयीत थरथरत होत्या. मी पाणी उपसत होतो. ओंडक्यावर ती गप्प होत असे ती अकरा पावलांपुरती. इथे ती पलीकडे पोहोचल्यावरही बोलली नाही, परत आल्यावरही बोलली नाही. कोणतेच वाक्य अर्धवट राहिलेले नव्हते. तिने एकही सुरूच केलेले नव्हते.

अलीकडे उतरल्यावर तिने ओले लुगडे पिळले, पाटी मी डोक्यावर चढवून दिली, आणि मग ती साहेबांकडे न बघता मला म्हणाली, "लिव. आमचं अवघड हाय. ह्येंचं लई अवघड हाय."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी तिसरा अर्ज लिहिला. त्यात दोनच वाक्ये होती, आणि ती आईच्या त्या दोन वाक्यांचे अक्षरशः भाषांतर होती. फक्त 'कशापेक्षा' एवढे मी घातले. तो माझ्या जन्मातला सर्वांत छोटा आणि सर्वांत अवघड अर्ज. साहेबांनी तो वाचला, खालची वस्ती म्हणून तात्यांचा अंगठा घेतला, मग थोडे थांबून वरची वस्ती म्हणून आईचाही घेतला. काहिलीबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिले नाही. गणपत काहीतरी सांगू पाहत होता, साहेब म्हणाले, "मी कढई पाहिली नाही. तुम्ही पाहिली?" गणपत म्हणाला, "न्हाय सायेब."

वस्तीतले लोक मला महिनाभर टाकून बोलले. "पूल दारात आला हुता, वकिलानं परत धाडला," असे चक्कीवर, चावडीवर, सगळीकडे. आबांना मी सगळे सांगितले. त्यांनी दंडांवरची माती धुतली, भाकरीवर चटणी घेतली, बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "माझ्या नियमात भोक हुतं म्हन की." मग आईकडे पाहून, "आन तुझं लाकूड?" आई म्हणाली, "लाकडाला काय, ते कुठं पळून जातंय." त्या दिवशी निखाऱ्यातले सर्वांत मोठे वांगे तिने माझ्या ताटात सोलले. ते किडके नव्हते. बाजाराचे होते.

आमच्या ओंडक्याच्या जागी पूल व्हावा म्हणून मी त्यानंतर पत्रे लिहायला बसलो तो आजतागायत उठलेलो नाही; विषय तेवढे बदलत गेले. त्या पुलाची परवानगी आली तेव्हा आई बाजार करायची थांबली होती. मंजुरीचे ते पत्र मी चौकटीत लावलेले नाही. उशिरा आलेल्या न्यायाला मी घरात जागा देत नाही.

पण खालच्या वस्तीचा पूल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला. साधा, दगडी, दोन माणसे शेजारी चालतील एवढा. आमच्यासाठी तो आडवाटेला होता. बाजाराकडे पाठ करून आधी अर्धा कोस चालायचे, पूल ओलांडायचा, आणि तेवढेच परत यायचे. पाणी बंद असले की आई ओंडक्यावरूनच जाई. काठोकाठ असले की त्या पुलाने. पहिल्यांदा आम्ही तिकडून निघालो तेव्हा तात्यांची सून दारात मुलाला न्हाऊ घालत होती. ती म्हणाली, "आक्का, च्या घिऊन जावा," आणि आई म्हणाली, "येताना." मग ती मावशीच्या थोरलीचे काहीतरी सांगू लागली. पुलापाशी आलो. मी सवयीने गप्प झालो आणि तिच्या थांबण्याची वाट पाहू लागलो. तिने दगडावर पाय ठेवला, पाटी किंचित सारखी केली, आणि बोलत राहिली. खालून पाणी भरून चालले होते. पूल संपला, माती आली, सडक दिसू लागली, तरी तिचे वाक्य चालूच होते. ती काय सांगत होती ते मला आठवत नाही. मधे थांबली नाही, एवढे आठवते.